केंद्र कुठं उभं आहे?

सावदा, जि. जळगाव

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मामीनं मला मोठ्यानं वाचून दाखवला. मध्येच थांबून म्हणाली, "अहो, वादळाचे रोखे म्हणजे काय? वादळ विकत कोण घेईल?" मुंबईत तुझ्या टेबलावर हा प्रश्न कुणी विचारत नसेल. तिला जे सांगितलं तेच तुला लिहितो, तुझीही उजळणी होईल.

गावात पैज लागली की दोघांचे पैसे तिसऱ्याच्या खिशात जातात, म्हणजे हरणाऱ्याला पळता येत नाही. वादळाच्या रोख्यात, म्हणजे आपत्तीवरच्या 'कॅट बाँड'मध्ये, हा तिसरा म्हणजे बहुतेक वेळा बर्म्युडात किंवा केमन बेटांवर नोंदवलेली, एवढ्याच कामापुरती काढलेली कंपनी. गुंतवणूकदार मुद्दल तिच्या हवाली करतात, ती ते अमेरिकी सरकारी कागदांत ठेवते. विमा कंपनी तिला प्रीमियम भरते. कागदांचं व्याज अधिक हा प्रीमियम, एवढं गुंतवणूकदाराच्या पदरात पडत राहतं. तीन-चार वर्षांत ठरलेली आपत्ती आली नाही तर मुद्दल परत. आली तर ते विमा कंपनीकडे जातं आणि तिथून दावे फिटतात. पुनर्विमा, म्हणजे विमा कंपनीनं स्वतःसाठी उतरवलेला विमा, हा नुसता दिलेला शब्द असतो. इथं पैसा आधीच बाजूला काढलेला असतो.

"पण गुंतवणूकदारांना काय अडलंय?" मामीचा पुढचा प्रश्न. अडलेलं नाही, पण व्याज बरं मिळतं. शिवाय शेअर बाजार कोसळला म्हणून फ्लोरिडात वादळ येत नाही, आणि पेन्शन निधीवाल्यांना नेमकं असंच काहीतरी हवं असतं. नेदरलँड्समधल्या दवाखान्यांतल्या नर्सांचा पेन्शन निधी या बाजारातला मोठा गिऱ्हाईक आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर कौलं उडाली की त्यांच्या म्हातारपणाच्या पैशाला थोडी झळ लागते. हे ऐकून मामी गप्प झाली आणि वांगी भाजायला उठली.

हा उद्योग निघाला तोही फ्लोरिडातच. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू वादळ आलं, विमा कंपन्यांवर दीड हजार कोटी डॉलरच्या आसपास बोजा पडला आणि कित्येक कंपन्या बुडाल्या. दीड वर्षानं, जानेवारी 1994 मध्ये, कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप. पुनर्विम्याची सगळी गंगाजळी एकत्र केली तरी पुरणार नाही हे तेव्हा उमगलं, आणि नजर शेअर-रोख्यांच्या बाजाराकडं गेली, कारण तिथला पैसा कितीतरी पट मोठा. 1997 मध्ये यूएसएए या अमेरिकी विमा कंपनीनं रेसिडेन्शियल रीच्या नावानं 47.7 कोटी डॉलर उभे केले, तेव्हापासून धंदा खऱ्या अर्थानं मार्गी लागला. बाकी इतिहास तुला ऑफिसात कुणीही सांगेल.

आता तुझं काम. तुझ्या रोख्याच्या मसुद्यात ट्रिगर, म्हणजे पैसे कधी सुटायचे ती अट, पॅरामेट्रिक आहे, म्हणजे नुकसान न मोजता वारा, दाब, हादरा असलं काहीतरी मोजायचं. तुला आपत्तीचा अंदाज बांधणारं मॉडेल शिकायचंय. जरूर शीक. पण त्याआधी मसुद्यातलं एकच पान काढ: मोजणार कोण, कुठं, कुठल्या यंत्रानं, आणि यंत्र बंद पडलं तर काय. त्या पानावर आठवडाभर बस. का, ते आपल्याच बांधावरचं सांगतो.

धाकट्या मामाची नाल्याकाठची केळीची बाग तू पाहिली आहेस. खोलगट जागा, रात्री थंडी तिथं येऊन बसते. एका हिवाळ्यात कांदेबाग लागवडीच्या केळीवर थंडीचा चरका आला. सकाळी गेलो तर पानं पिवळी पडलेली, पोंगा आखडलेला, निसवायला आलेल्या झाडांचे घड अर्धवट अडकलेले. फळपीक विम्याचा हप्ता भरलेला होता. पण हवामानावरच्या विम्यात बाग बघायला कुणी येत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा पारा बघतात. ते केंद्र सहा किलोमीटर लांब, उघड्या माळावर. पारा सलग ठरलेले दिवस रेषेखाली राहायला हवा होता. शेवटच्या रात्री तो रेषेच्या अर्धा अंश वर थांबला. दमडी मिळाली नाही. रस्त्यापलीकडचा शेजारी दुसऱ्या मंडळात मोडतो, त्याचं केंद्र वेगळं. त्याच्या खात्यात पैसे आले, आणि त्याची बाग आमच्यापेक्षा बरी होती! धाकट्यानं कंपनीत फोन केला. समोरचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "काका, नियमाप्रमाणे थंडी पडलीच नाही." बिचारा खोटं बोलत नव्हता. तो नियम लिहिला कुणी, हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलं, कारण असले नियम लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली होती.

याला तुमच्यात बेसिस रिस्क म्हणतात. घडलं एक, मोजलं दुसरं.

जमैकाचं बघ. त्यांच्या सरकारसाठी जागतिक बँकेनं 2024 मध्ये 15 कोटी डॉलरचा रोखा काढला. वादळ ठरवलेल्या चौकटीतून जाताना हवेचा दाब किती खाली गेला, यावर पैसे. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेला घासून गेलं, छपरं गेली, शेती गेली, पण त्या चौकटीत दाब पुरेसा उतरला नाही. एक डॉलर मिळाला नाही, जगभर टीका झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये मेलिसा आलं, थेट बेटावर, आणि त्याच रोख्याचे पूर्ण 15 कोटी डॉलर सुटले. कागद तोच, अटी त्याच. मग रोखा वाईट होता की चांगला? माझं मत विचारशील तर कागद बरोबर होता. बेरिलच्या वेळी कमी पडलं ते आधीचं सांगणं. कुठलं वादळ यात बसणार नाही, हे लोकांना वादळाआधी साध्या भाषेत कळायला हवं होतं. तुझ्या मसुद्याबरोबर जाणाऱ्या टिपणात हे 'बसणार नाही'चं पान तू स्वतः लिही, वरिष्ठांनी सांगितलं नाही तरी.

मेक्सिकोचा अनुभव याच्या उलट. ऑगस्ट 2017 मध्ये रोखा निघाला, सप्टेंबरमध्ये चियापासच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि भूकंपाच्या हिश्श्याचे 15 कोटी डॉलर मिळाले. गुंतवणूकदारांनी महिनाभराचंही व्याज धड खाल्लं नसेल! तरी कुणी बाजार सोडून पळालं नाही. जपानच्या कृषी सहकारी संस्थांच्या विमा संघासाठी 2008 मध्ये 30 कोटी डॉलरचा रोखा निघाला होता, नाव मुतेकी. जपानीत याचा अर्थ अजिंक्य. मार्च 2011 च्या भूकंपात अजिंक्य पूर्ण बुडाला. बुडाला म्हणजे गुंतवणूकदारांचा. शेतकऱ्यांच्या संघाला पैसे मिळाले. आपल्या सोसायटीच्या चेअरमनला हे सांगितलं तर म्हणाला, "भो, आपल्याला आधी गटसचिव तर मिळू दे."

दुसरं पान तारणाचं, म्हणजे त्या बाजूला काढून ठेवलेल्या मुद्दलाचं. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा चार कॅट बाँड अडकले. ना वादळ, ना भूकंप. तिसऱ्याच्या खिशातले पैसे भलत्याच कागदांत गुंतवले होते आणि त्यांच्या किमतीची हमी लेहमननं दिली होती. तेव्हापासून तारण साध्या सरकारी कागदांत ठेवायची शिस्त आली. जरा जास्त व्याजाच्या मोहानं ती कुणी सैल करायला निघालं, तर तू खुर्चीत ताठ बस.

'शंभर वर्षांतून एकदा' हा शब्दप्रयोग तुझ्या टिपणात तीनदा आलाय, तो काढ. वाचणाऱ्याला वाटतं, गेल्या वर्षी येऊन गेलं, आता नव्व्याण्णव वर्षं निवांत. वर्षाला एक टक्का, तीन वर्षांच्या रोख्यात जवळपास तीन टक्के, असं लिही.

तू विचारलंस, आपल्या केळीसाठी असा रोखा निघेल का. मला आज तरी दिसत नाही. रोखा सगळ्यात वरच्या थराला शोभतो. समज, पहिले शंभर कोटी विमा कंपनीनं सोसायचे, त्यावर पाचशेपर्यंत पुनर्विमा, आणि पाचशे ते आठशे हा थर रोख्याचा. नुकसान 620 कोटी झालं तर तीनशेतले 120 गेले, म्हणजे चाळीस टक्के मुद्दल. रावेर-यावलकडं थंडी, ऊन, वारा, गारा यांतलं काहीतरी दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या मंडळाला बसतंच. वारंवार येणारं दुखणं गुंतवणूकदाराच्या गळ्यात घालायचं तर तो एवढा प्रीमियम मागेल की साध्या विम्यातच भागेल. वकील, मॉडेलवाले, नोंदणी यांचा खर्च वेगळाच. आणि गारपिटीची गावपातळीवरची भरवशाची जुनी नोंद आपल्याकडं आहे कुठं? अनेक राज्यांची मिळून एखादी मोठी मोट बांधली तर गोष्ट वेगळी. त्या दिवशी मला बोलाव, मी फुकट येईन.

तुझ्याकडून मला सध्या एवढंच हवंय: संक्रांतीला येशील तेव्हा पहाटे लवकर ऊठ. धाकट्याच्या बागेत एक तापमापक टांगून ठेवलाय. तिथला पारा टिपून घेऊ, मग मोटरसायकलवरून माळावरच्या केंद्राशी जाऊ आणि तिथला आकडा नंतर नोंदीतून काढून शेजारी मांडू. मफलर आण, नाल्याकाठी फार गारठतं. आणि तो मसुदा छापून आण. मोबाइलवर मला तळटिपा दिसत नाहीत, आणि तुमच्या धंद्यात सगळं तिथंच लिहिलेलं असतं.

तुझा,
मामा