ब्रिटनमध्ये गरिबीला सरकारचे निर्णय खरंच जबाबदार आहेत, की लोक उगाच सरकारला दोष देतात?

हो, जबाबदार आहेत. सगळ्या गरिबीला नसतील, पण जेवढी मी इथे जवळून बघते त्यातल्या बऱ्याच गरिबीला नक्कीच. मी लेस्टरला राहते आणि शनिवारी एका फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य-किराणा देणाऱ्या केंद्रात, मदतीला जाते. तुम्ही विचारलंच आहे तर एकच नियम नीट सांगते, कारण त्यात निर्णय कोणी घेतला आणि झळ कोणाला बसली हे अगदी स्वच्छ दिसतं.

नियमाचं नाव टू चाइल्ड लिमिट. 2015 च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्नने जाहीर केला, आणि 6 एप्रिल 2017 पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि त्यापुढच्या मुलासाठी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) मिळणारे पैसे बंद झाले, म्हणजे 2025 च्या दराने एका मुलामागे वर्षाला साधारण 3,500 पाउंड (चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा भत्ता वेगळा, तो सगळ्या मुलांना चालू राहिला). कारण असं दिलं की नोकरी करून जगणारे लोक परवडतील तेवढीच मुलं होऊ देतात, मग बेनिफिटवर, म्हणजे सरकारी भत्त्यांवर, असणाऱ्यांनीही तोच विचार करावा. ऐकायला पटतं. पण यात अडकलेल्या निम्म्याहून जास्त घरांत कोणी ना कोणी नोकरी करतच होतं, आणि कितीतरी जणांची तिन्ही मुलं झाली तेव्हा घरचं सगळं व्यवस्थित होतं, नंतर नवरा सोडून गेला किंवा आजारपण आलं किंवा नोकरी गेली. आणि ज्या बाईचं तिसरं मूल बलात्कारातून झालंय तिला सूट होती, पण त्यासाठी तसा फॉर्म भरून द्यायचा, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. एवढं करून जन्मदरात फरक पडला तो नाममात्र. मुलं मात्र गरीब झाली.

फूड बँकेत आम्ही तीन दिवस पुरेल एवढं सामान देतो, पास्ता, बीन्सचे डबे, लाँग लाइफ दूध, टी बॅग्ज असं. एकदा केअर होममध्ये रात्रपाळी करणारी एक बाई आली, तीन मुलं, धाकटं कडेवर. तिने पिशवीतून पास्ता काढून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली की मीटरमध्ये पैसे नाहीत, शिजवू शकत नाही, थंड खाता येईल असं काही आहे का. इथे बऱ्याच भाड्याच्या घरांत गॅस आणि विजेचे प्रीपेड मीटर असतात, पैसे संपले की पुरवठा बंद. ती बाई आळशी नव्हती हो, रात्रभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करून आली होती.

आता दुसरी बाजू बघा. ट्रिपल लॉक म्हणून एक धोरण आहे, 2011 पासून सरकारी पेन्शन दरवर्षी महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यातलं जे जास्त असेल तेवढं वाढतं. आणि त्याच काळात, 2016 ते 2020 अशी चार वर्षं, नोकरीच्या वयातल्या लोकांचे बहुतेक बेनिफिट्स एका पैशानेही वाढवले नाहीत. तिजोरी एकच, महागाई एकच.

2024 मध्ये लेबर पक्षाचं सरकार आलं. जुलैमध्ये टू चाइल्ड लिमिट काढा म्हणून स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत देणाऱ्या सात लेबर खासदारांना निलंबित केलं. त्याच महिन्यात अर्थमंत्री रेचल रीव्ह्जने बहुतेक पेन्शनरांचा विंटर फ्युएल पेमेंटही बंद केला, हिवाळ्याच्या हीटिंगसाठी मिळणारे 200 किंवा 300 पाउंड. त्यावर इतका गदारोळ झाला की जून 2025 मध्ये, वर्षही पुरं व्हायच्या आत, 35,000 पाउंडपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तो परत सुरू केला. मुलांच्या नियमाला मात्र आठ वर्षांहून जास्त लागली. माझं सरळ म्हणणं आहे की म्हातारी माणसं भरभरून मतदान करतात आणि मुलांना मत नसतं, म्हणून हा फरक.

आजी-आजोबांचं काढून घ्या असं मी म्हणत नाहीये. 1980 मध्ये थॅचर सरकारने पेन्शनचं पगारवाढीशी असलेलं नातं तोडलं आणि एका अख्ख्या पिढीचं म्हातारपण ओढाताणीत गेलं, तोही निर्णयच होता. उलटंही होऊ शकतं. 1999 मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअरने एका पिढीत बालगरिबी संपवू असं जाहीर केलं, टॅक्स क्रेडिट नावाच्या मदतीतून कमी उत्पन्नाच्या घरांना पैसे दिले, संपली नाही पण बरीच कमी झाली. पुढे हात आखडता घेतला आणि 2023-24 मध्ये घरभाडं वगैरे धरून 45 लाख मुलं गरिबीत मोजली गेली.

आपली जी मराठी कुटुंबं वर्क व्हिसावर आहेत, त्यांना तर युनिव्हर्सल क्रेडिट किंवा चाइल्ड बेनिफिट सहसा मिळतच नाही. टॅक्स पूर्ण भरायचा, वर बहुतेकांना माणशी वर्षाला 1,035 पाउंड हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचं शुल्क (मुलांना थोडा कमी), आणि नोकरी गेली तरी युनिव्हर्सल क्रेडिटसारखी मदत नाही, हे इथे यायच्या आधी प्रत्येकाने समजून घ्यावं.

नोव्हेंबर 2025 च्या बजेटमध्ये एप्रिल 2026 पासून टू चाइल्ड लिमिट काढायचं जाहीर झालं तेव्हा मला खरंच खूप बरं वाटलं. पण बेनिफिट कॅप, म्हणजे एकूण बेनिफिट्सवरची कमाल मर्यादा, तशीच ठेवलीय, लंडनबाहेर एका कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त 22,020 पाउंड. ज्या घरात कमाई जवळपास नाहीच आणि जे आधीच या मर्यादेला टेकलेत, त्यांच्या तिसऱ्या मुलाला एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने कापलं जाणार. हा कॅपही जायला हवा, आणि आमच्या खासदाराला मी तसं लिहिलंय.