एफआरसी (शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) रोबोटच्या सांगाड्याला नवीन भोक पाडायचं आहे, पण रोबोरिओ (रोबोट चालवणारा मुख्य कंट्रोलर) आधीच बसवलाय. काय काळजी घ्यावी?

शक्य असेल तर रोबोरिओ काढूनच ठेवा. चार स्क्रूंचा कंटाळा महागात पडतो. त्याच्या पीडब्ल्यूएमच्या (मोटरचे सिग्नल देणाऱ्या) उघड्या पिनांमध्ये ॲल्युमिनियमचा एक बारीक कीस अडकला तरी शॉर्ट होतो.

काढता येतच नसेल, तर आधी बॅटरी सोडवा. नुसता मेन ब्रेकर (रोबोटचा मुख्य स्विच) बंद करणं मला पुरेसं वाटत नाही. बोर्डावर प्लॅस्टिक टाकून कडा टेपने चिकटवा. ड्रिलपाशी दुसऱ्याला व्हॅक्यूमची नळी धरायला लावा. हवेचा फवारा मात्र मारू नका, कीस उडून थेट कनेक्टरच्या फटीत जातो. चुंबकाचाही उपयोग नाही, ॲल्युमिनियम त्याला चिकटतच नाही. (मुलं तरी चुंबक फिरवतातच!)

नंतर मऊ ब्रशने झाडा आणि टॉर्च तिरका धरून पाहा, कीस चमकतो.

बॅटरी परत जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. रोबोटच्या बॅटरी कनेक्टरच्या प्रत्येक टोकापासून सांगाड्यापर्यंतचा रोध १२० ओमपेक्षा जास्त हवा, हा स्पर्धेचाच नियम आहे. कमी आला तर कुठेतरी धातू टेकतोय. तो सापडेपर्यंत वीज देऊ नका.