मुलांसाठीचा जुना एक्सओ-१ लॅपटॉप तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात वापरता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या मामेभावाने २००७ मध्ये मुलांसाठी पाठवलेला हिरवा-पांढरा एक्सओ-१ (ओएलपीसी, म्हणजे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा शाळकरी मुलांसाठीचा लॅपटॉप) अजून चालू होतो, मुलं मोठी झाली, तर तुर्भ्याच्या ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या पावत्या), पार्ट्यांना पत्रं, भाड्याचा हिशेब आणि ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायचं बिल) एवढं त्यावर होईल का. ई-वे बिल होणार नाही. बाकीचं होईल, आणि माझ्या मते तुमच्या धंद्यात ते चांगलंच होईल, फक्त लॅपटॉपची जागा नीट निवडायला हवी. मी ठाण्यात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, वागळे इस्टेटमधल्या एका गोदामासाठी असंच एक एक्सओ तयार करून दिलं आहे, म्हणून खात्रीने लिहितो.

आधी नकार का, ते सांगतो. त्यातला एएमडी जिओड प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा आहे आणि रॅम २५६ एमबी. नुसतं हळू चालण्याचं असतं तर सोसलं असतं. पण या प्रोसेसरला एसएसई२ नावाच्या सूचना कळत नाहीत, आणि यात असलेल्या लिनक्स सिस्टीमवरच्या फायरफॉक्स ब्राउझरला त्या २०१७ पासून लागतात. म्हणजे नवा ब्राउझर उघडणारच नाही, आणि आतला जुना ब्राउझर सरकारी पोर्टल, बँक, जीमेल यांच्यासाठी धरू नका. नवीन लिनक्स टाकून बघू म्हणाल, तर डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने बाराव्या आवृत्तीपासून हा प्रोसेसर सोडला आहे. कोणी विंडोज एक्सपी सुचवेल. त्याचे सुरक्षा अपडेट २०१४ लाच बंद झाले, त्या वाटेला जाऊ नका.

पण हे यंत्र खेळणं म्हणून बाजूला टाकलं की मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत २००७ मध्येच हे लॅपटॉप मुलांच्या हातात दिले होते. अशाच शाळा डोळ्यांसमोर ठेवून ते घडवलं आहे : वीज कमी, धूळ भरपूर, वर्ग कधी अंगणात. त्यात पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही, कीबोर्ड अखंड रबराचा. आता तुमच्या गोदामाचं दार आठवा. कांद्याची टरफलं, गोण्यांची धूळ, समोरून येणारं ऊन. नेहमीच्या लॅपटॉपचा पंखा तिथे धुळीने बसतो आणि पडदा उन्हात काळा दिसतो. एक्सओचा पडदा साडेसात इंचाचाच आहे, पण मागचा उजेड पूर्ण घालवला की उन्हात तो छापील कागदासारखा काळा-पांढरा दिसतो, आणि ऊन जितकं कडक तितका स्पष्ट. म्हणून त्याला एसी केबिनमध्ये टेबलावर ठेवण्यापेक्षा गाडी भरते तिथे ठेवा. नगांची नोंद, बिल्टीचा मजकूर, ड्रायव्हरला दाखवायची यादी, ही कामं त्याची. पडदा फिरवून पाटीसारखा दुमडला की कडेच्या बटणांनी यादी वर-खाली करता येते.

आता तयारी. मुलांचा शुगर डेस्कटॉप ऑफिसला त्रासाचा आहे, कारण त्यात फाइल-फोल्डर नाहीत, सगळं आपोआप जर्नलमध्ये साठतं. मार्च महिन्याची बिल्टी शोधायची तर जर्नल चाळत बसावं लागतं. ओएलपीसीच्या नंतरच्या अधिकृत आवृत्त्यांमध्ये शुगरसोबत नोम हा साधा डेस्कटॉपही मिळतो आणि सेटिंग्जमधून बदलता येतो. तुमच्याकडे २००७ ची मूळ आवृत्ती असेल तर अधिकृत प्रत पेनड्राइव्हवर घ्या, तो लावा आणि पडद्याशेजारची चारही गेम-बटणं दाबून धरून लॅपटॉप सुरू करा. आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा मुलांची चित्रं, फोटो आधी काढून घ्या. ओएलपीसीची सही असलेली प्रत अशी थेट चढते. दुसरं लिनक्स टाकायला मात्र वेगळी ‘डेव्हलपर की’ (परवानगीची फाइल) लागते, त्या फंदात पडायची तुम्हाला गरज नाही.

लिब्रेऑफिस चढवू नका, २५६ एमबीत ते रांगतं. पत्रांना अबीवर्ड, हिशेबाला न्यूमेरिक. न्यूमेरिक एक्सेलची जुनी फाइल लिहून देतं, तुमच्या सीएला ती उघडते. मराठीसाठी लोहित फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावा, आणि अक्षरांचा आकार पहिल्याच दिवशी वाढवा. पडदा १२०० बाय ९०० ठिपक्यांचा असल्यामुळे मूळ आकारात अनुस्वार आणि रफार दिसतच नाहीत, आणि ‘बाकी’ची ‘बाकीं’ झालेली पार्टीच्या हातात गेल्यावर कळते.

कीबोर्डबद्दल आग्रहाने सांगतो. ती बटणं सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांच्या मापाची आहेत. मोठ्या माणसाचं बोट एका अक्षरावर ठेवलं की शेजारचंही झाकलं जातं, आणि रबर जोर लावून दाबावं लागत असल्याने दहा ओळींत मनगट दुखतं. नोंदींपुरतं ठीक आहे, पण पत्रं लिहिणार असाल तर यूएसबी कीबोर्ड घ्याच. दोन्ही बाजूंचे हिरवे कान वर केले की खाली यूएसबीची भोकं दिसतात. तेच कान वायफायचे अँटेना आहेत, म्हणून काम करताना उभेच ठेवा.

आतली जागा एक जीबी, त्यातली बरीचशी सिस्टीमच खाते. पडद्याच्या खालच्या कडेला एसडी कार्डाची खाच आहे. कागदपत्रं कार्डावर ठेवा आणि रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर उतरवा. प्रिंटर जोडण्याच्या खटपटीपेक्षा पीडीएफ करून ऑफिसच्या पीसीवरून छापा.

ऑफिसात पीसी आहे असं धरतो, कारण ई-वे बिलाला तो लागणारच. त्यावर व्हीएनसी सर्व्हर (एका कॉम्प्युटरचा पडदा दुसऱ्यावर दाखवणारा प्रोग्राम) ठेवला तर गोदामातल्या एक्सओवर पीसीचाच पडदा उघडता येतो. ब्राउझर तिकडे धावतो, इथे फक्त चित्र येतं. त्यातून पोर्टलही बघता येईल, पण पडदा सावकाश उमटतो, म्हणून घाईच्या वेळी पीसीवरच बसा. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि डब्ल्यूपीए२ ही पासवर्डची सुरक्षा चालू हवी. व्हीएनसी ऑफिसच्या आतल्या वायफायपुरतंच ठेवा, बाहेर इंटरनेटवर उघडू नका.

विजेचं शेवटी. हा लॅपटॉप ११ ते १८ व्होल्ट डीसीवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तर इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर योग्य पिन आणि फ्यूज लावून घेता येतो. ट्रकच्या २४ व्होल्टला मात्र थेट जोडू नका. ड्रायव्हर मंडळींनाही हे सांगून ठेवा, कारण केबिनमध्ये चार्जिंगला लावायचा मोह त्यांना होणार.

सेटिंग्जमध्ये संगणकाच्या माहितीच्या पानावर बिल्ड क्रमांक (आतल्या आवृत्तीचा क्रमांक) दिसतो. तो इथे लिहा, म्हणजे नवी प्रत चढवायची की आहे तीच चालेल ते सांगतो.