जुनी मोठी सेडान घेण्यापूर्वी

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद,

पुण्यातल्या विक्रेत्याकडे पाहिलेल्या २०१७ च्या स्कोडा सुपर्बविषयी तू विचारले आहेस. नव्या छोट्या एसयूव्हीच्या किमतीत जवळजवळ पाच मीटर लांबीची, मागे पाय पसरून बसता येईल अशी गाडी मिळत असेल, तर मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु अशा गाडीची बाजारातली किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची मात्र उतरत नाही. सस्पेन्शन, टायर, हेडलॅम्प यांचे दर गाडी नवी असताना ज्या वर्गातले होते त्याच वर्गातले राहतात. म्हणून सौद्याची रक्कम बाजूला ठेवून, पुढची पाच वर्षे ही गाडी सांभाळणे तुला झेपेल का, याचा हिशेब आधी कर.

तू पाहिलेली गाडी १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची आणि ऑटोमॅटिक आहे, आणि माझी काळजी नेमकी तिथेच आहे. तिच्यात सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स येतो. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरच्या आसपासचाच टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पेलतो. त्यामुळे मॅन्युअल सुपर्बमध्ये ३२० न्यूटन मीटर देणारे तेच इंजिन ऑटोमॅटिकमध्ये २५० वर रोखलेले होते. हिंजवडीच्या कोंडीत गाडी तासभर मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा असा क्लच सतत घासला जातो आणि तापतो. पुढे क्लचचा संच किंवा गिअर बदलणारे मेकॅट्रॉनिक युनिट गेले आणि वॉरंटी संपलेली असली, तर एका दुरुस्तीचे बिल लाखाच्या पुढे जाऊ शकते. डिझेल सुपर्बचा सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स अधिक दणकट असतो. मात्र त्याचे तेल वेळच्या वेळी बदलल्याच्या नोंदी हव्यात.

तुझे रोजचे जाणे-येणे शहरातलेच आहे आणि मागे आई-वडील बसणार आहेत, त्यामुळे माझा कल टोयोटा कॅमरी हायब्रिडकडे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीकडे आहे. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या पिढीची शोरूम किंमत तेव्हा सुमारे ३७ लाख होती. तिच्यात घासून झिजणारा असा क्लच नाही, आणि कोंडीत ती बराच वेळ बॅटरीवर सरकते. बॅटरीची तपासणी मात्र कंपनीच्या केंद्रातच करून घे, आणि मागच्या आसनाजवळची, बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी धुळीने बुजलेली नाही हे स्वतः वाकून पाहा. गाडी ४.८८ मीटर लांब आहे. सोसायटीतली पार्किंगची जागा टेपने मोजल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

गाडी कोणतीही ठरव, ती सकाळी थंड असताना सुरू करून पाहा आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून लिफ्टवर तपासून घे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला असता पट्ट्यावर चिखलाचा डाग दिसला, तर गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असण्याची शंका घ्यावी आणि तिथून निघावे.

कागदांत मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० लागतील. गाडीवर विकणाऱ्याचे कर्ज असेल तर कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हातात आल्यावरच उरलेली रक्कम दे. विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज कर. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत, तुला मिळत नाही, तेव्हा हप्ता वाढेल हे धरून चाल. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी कोणी दाखवली, तर तिच्या किमतीत महाराष्ट्राचा रस्ता कर मिळवून मगच तिला स्वस्त म्हण.

गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येत नसेल, तर यंदा घेऊ नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ठेवता येत असेल, तर टोकन देण्यापूर्वी सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी मला पाठव. आपण दोघे मिळून त्या वाचू.

तुझा काका