कसला साठा?

व्रताच्या कहाण्या ज्या ओळीने संपतात, त्या ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी’मधला साठा नेमका कसला, आणि पुढे ‘सुफळ संपूर्ण’ लिहायचं की ‘सफल संपूर्ण’, असं एका वाचकाने विचारलं आहे.

कसलाच नाही! धान्याचा, औषधांचा, पाण्याचा साठा असतो, उत्तरांचा नसतो. लांबलेल्या कुठल्याही भानगडीच्या बातमीवर हे शब्द मथळा म्हणून डकवतात, तेव्हा मला ते कोठार दिसू लागतं आणि चहा निवतो. हा साधा साठचा आकडा आहे, जुन्या सामान्यरूपातला. साठचं साठां, पाचचं पाचां. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणताना कुणी अडखळत नाही. पूर्वी ‘साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं’ असं लिहीत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. बरंच झालं, पण त्या टिंबाबरोबर अर्थही गळाला.

आता ‘उत्तर’. प्रश्नोत्तरातलं नव्हे, दिशाही नव्हे. तुकोबा म्हणतात, ‘बोलिलीं लेकुरें । वेडीं वांकुडीं उत्तरें’. त्या लेकरांना परीक्षेला बसवलेलं नाही. उत्तरें म्हणजे बोल. साठ बोलांची गोष्ट पाच बोलांत सांगितली, एवढंच. ‘कहाणीत साठ प्रश्न असत’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या जाणकारांनी आदित्यराणूबाईच्या कहाणीतले निदान सहा तरी काढून दाखवावेत. साठ संवत्सरं आणि पंचमहाभूतं शोधणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.

माझं म्हणणं असं, की हे मोजमाप नाहीच, ही सांगणारीची नम्रता आहे. ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून उभं राहणारा वक्ता दोनच शब्द बोलतो का? तसे हे पाच. श्रावणातली पूजा आटोपलेली, तांदूळ हातात धरून बायका बसलेल्या, आत भाताला आच लागलेली. मूळ गोष्ट फार मोठी होती बायांनो, मी आपली थोडक्यात सांगितली, असं म्हणून ती उठते. याला पुरावा नाही, पण मी हे सोडणार नाही.

बंगाली आजी गोष्ट संपवताना म्हणते, माझी कथा सरली, नोटेचं झाड खुडलं गेलं. नोटे म्हणजे आपल्या माठाची बहीण, पालेभाजीच. तिकडेही गोष्ट शेवटी स्वयंपाकघराच्या दारातच येऊन थांबते.

हां, ‘सफल’ राहिलंच. सुफळ लिहा.