बाळाचा पहिला हिवाळा
तुमचे बाळ आठ महिन्यांचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गोव्यात जानेवारीतही दुपारी ऊन तापते आणि पहाटे, विशेषतः सत्तरी-सांगे या तालुक्यांच्या बाजूला, चांगलाच गारठा पडतो. त्यामुळे दिवसभर एकच जाड स्वेटर ठेवण्यापेक्षा सुती कपड्यांचे दोन थर घालावेत आणि मानेमागे हात लावून घाम जाणवला की एक उतरवावा. आंघोळीनंतर धुरी देण्याची पद्धत मात्र कृपा करून बंद करा, कारण तो धूर बाळाच्या कोवळ्या श्वासनलिकांना त्रास देतो. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये. स्तनपान चालू ठेवावे. जत्रेच्या दिवसांत घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाळ घ्यावेसे वाटते, पण सर्दी झालेल्यांना स्पष्ट नाही म्हणावे, कोणी रागावले तरी. खोकल्याचे औषध परस्पर दुकानातून आणू नये. त्यापेक्षा बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत: ते ५० किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.