भाषाशाळेत असताना समुद्र बघायला जमतं का?

काकू गणपतीला आल्या तेव्हा तुझं कळलं, मग तुझा मेसेजही वाचला. पुढच्या एप्रिलला तोक्योतल्या जपानी भाषाशाळेत जायचं चाललंय आणि तुला धास्ती अशी की तिथे वर्ग आणि पार्टटाइम एवढंच आयुष्य उरतं. कुठे फिरणं होतं का, परवडतं का, अभ्यास बुडतो का, हे तुझे प्रश्न. फिरणं होतं. एक दिवसाची समुद्राची सहल तर नक्कीच होते. फक्त त्यासाठी दिवस मोकळा ठेवायचा, आणि तो इथूनच ठरवायला हवा.

भाषाशाळा अर्ध्या दिवसाची असते, सोमवार ते शुक्रवार. बॅच सकाळची की दुपारची हे बहुतेक शाळाच ठरवते. विद्यार्थी व्हिसावर काम आठवड्याला २८ तासांपर्यंतच करता येतं, तेही वेगळी परवानगी घेऊन. विमानतळावर उतरल्या उतरल्या तो अर्ज देता येतो. शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तास चालतात. हजेरी मात्र सांभाळ, व्हिसा वाढवताना ती बघतात. हे २८ तास आठवडाभर चिंध्यांसारखे पसरले की एकही दिवस हाती लागत नाही. म्हणून काम देणाऱ्या दुकानदाराशी पहिल्याच भेटीत बोलून एक वार सुट्टीचा ठरवून घे. एजंट म्हणेल, पार्टटाइमवर सगळं निघतं. माझं मत, निदान पहिल्या सहा महिन्यांची फी आणि भाडं घरून नेलेल्या पैशांत बसत नसेल तर एक टर्म थांब.

आता खर्च. समुद्रासाठी मी एनोशिमा सांगते, तोक्योच्या दक्षिणेला किनाऱ्यालगतचं छोटं बेट. तोक्योतल्या शिंजुकु स्टेशनहून ओदाक्यू या रेल्वे कंपनीच्या साध्या गाडीने तिथे तासाभराहून थोडं जास्त लागतं, भाडं एका बाजूचं साडेसहाशे येनच्या आसपास. बहुतेक वेळा फुजिसावाला गाडी बदलावी लागते. रोमान्सकार नावाची आलिशान गाडी दिसेल. तिला वर आणखी पैसे पडतात, तिच्या नादी लागू नकोस. तोक्योतलं किमान वेतन २०२५ च्या ऑक्टोबरात तासाला १,२२६ येन झालं. म्हणजे जाणं-येणं आणि एक साधं जेवण धरून दोन-अडीच तासांची कमाई गेली. एवढं झेपतं.

ठाण्याच्या माणसाला समुद्राचं अप्रूप फार. आपल्या वाट्याला खाडी, समुद्रासाठी गोराई नाहीतर उत्तन गाठायचं. एनोशिमाला स्टेशनातून बाहेर पडून पाच-दहा मिनिटं चाललं की समोर लाटा, आणि बेटावर जायला पूल. वाळू काळपट आहे, फोटोतल्या पांढऱ्या किनाऱ्याची आशा धरू नकोस. पोहण्याचा मोसम जुलै-ऑगस्ट, तेव्हा किनाऱ्यावर लाकडी खोपटी उभी राहतात आणि गर्दी आपल्या चौपाटीला लाजवते. मला थंडीत जायला जास्त आवडतं, कारण हवा स्वच्छ असली तर पाण्यापलीकडे फुजी पर्वत दिसतो. उन्हाळ्यात तो बहुतेक धुरकटात हरवलेला असतो.

बेटावरच्या डोंगरात जी देवी आहे ती बेंझाइतेन, म्हणजे आपलीच सरस्वती, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली. एक मूर्ती आठ हातांची, दुसरीच्या हाती वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य. दसऱ्याला पाटीवर एकांची सरस्वती काढलेल्या मुलीने भाषा शिकताना तिथे डोकं टेकवलंच पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगते. वर जायला १९५९ पासूनचे सरकते जिने आहेत. त्यांना पैसे पडतात आणि ते फक्त वर जातात. तुझ्या वयाला पायऱ्याच बऱ्या.

खायला शिरासू. बोटाच्या पेराएवढे पांढरे मासे, उकडलेले किंवा कच्चे, भातावर घालून देतात. दिसायला आपला जवळाच म्हणशील, पण जवळा कोळंबीच्या जातीचा. जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा कच्चा शिरासू मागू नकोस. आणि किनाऱ्यावर उघड्यावर खाऊ नकोस, वर घारी फिरतात. आमच्या वर्गातल्या नेपाळी मुलाने कागदातून गरम क्रोकेट, म्हणजे तळलेलं बटाट्याचं कटलेट, बाहेर काढलं, एक घास घेतला, आणि पाठीमागून घार आली ती क्रोकेट घेऊनच गेली. त्याच्या बोटांत नुसता कागद. शेजारच्या दुकानातल्या आजी हसत ओरडल्या ते वाक्य आम्हां कुणालाच पहिल्यांदा कळलं नाही. पुस्तकात सगळे अदबीने, पूर्ण क्रियापद लावून बोलतात. दुकानातली माणसं अर्धं गिळतात. आजींनी घारींची पाटी दाखवून पुन्हा सांगितलं, दुसरं क्रोकेट फुकट दिलं नाही, पण बसायला आतली जागा दिली. पाऊण तास गप्पा झाल्या.

अभ्यासाचं म्हणशील तर असल्या पाऊण तासाचा मला एखाद्या वर्गाहून जास्त उपयोग झाला. एक अट आहे. नेपाळी मुलांबरोबर हिंदी सुरू होते आणि दिवस हिंदीतच जातो. बरोबर एखादी व्हिएतनामी नाहीतर चिनी मैत्रीण घे, मग झक मारत जपानीच बोलावं लागतं.

वेळ उरला तर फुजिसावाहून कामाकुराला जाणारी एनोदेन पकड. दहा किलोमीटरचीच लाइन, एकेरी रूळ, घरांच्या कुंपणांना खेटून जाते आणि मध्येच समुद्रकाठी निघते. शनिवार-रविवारी रांगा लागतात, म्हणून सुट्टीचा वार मधलाच माग. कचऱ्याचे डबे सहसा सापडत नाहीत, पिशवी ठेव.

एप्रिलच्या प्रवेशाचे कागद साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातात, तेव्हा फार वेळ नाही. मी अनंत चतुर्दशीपर्यंत नौपाड्यातच आहे. शाळेचं माहितीपत्रक आणि एजंटने दिलेला खर्चाचा कागद दोन्ही घेऊन ये, आणि काकूंना पण आण; फीचं त्यांच्यासमोरच बोललेलं बरं.